पिंप्राळ्याहून परळला निघण्याआधी

आधी एक काम करा. आरशासमोर उभे राहा, तोंड पूर्ण उघडा आणि आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये उभी बसतात का ते पाहा. सहज बसली तर ठीक. दोनच बसत असतील, किंवा गालाच्या आतून बोट फिरवताना दोरीसारखा ताठ पट्टा लागत असेल, तर लेख वाचून झाल्यावर पहिलं काम दंतवैद्याकडे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाण्याचं. पुढच्या सोमवारी नाही, उद्या.

आषाढी एकादशीला जळगावच्या पिंप्राळ्यात रथ निघतो तेव्हा रस्त्याच्या कडेला एकाच घरातल्या तीन पिढ्या दिसतात. मिसरी लावणारी आजी, तळहातावर तंबाखू-चुना मळणारे आबा, आणि पुडी फाडून थेट तोंडात ओतणारा नातू. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन एकत्र केली जाते. आपल्या भागात कर्करोगाचं बोलायचं तर तोंडापासूनच सुरुवात करावी लागते.

तोंडाचा आजार सुरुवातीला स्वयंपाकघरात कळतो. शेवभाजीचा रस्सा झोंबायला लागतो. ठेचा नको वाटतो. घरातली मंडळी म्हणतात, उष्णता वाढली, तोंड आलंय, गुलकंद खा. मेडिकलवरून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या येतात. महिने जातात. आत काय चाललेलं असतं? सुपारीतली द्रव्यं गालाच्या अस्तराखालच्या पेशींना कोलॅजनचे तंतू गरजेपेक्षा जास्त बनवायला लावतात, म्हणून गाल ताठ होतो आणि तोंड उघडेनासं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखू नसलेल्या सुपारीलाही, कर्करोगकारक ठरवून दोन दशकं होऊन गेली. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी’ या वाक्यात सुरक्षितता नाही. सुपारी सोडल्यावर आलेला ताठरपणा पूर्ण जात नाही, पण पुढचं नुकसान थांबवता येतं. म्हणून सोडायचीच.

पेशीच्या आत काय घडतं हे थोडं समजून घ्या, कारण पुढचा सगळा सल्ला त्यातूनच निघतो. अस्तरातल्या पेशी सतत विभागत असतात. प्रत्येक वेळी डीएनएची नक्कल होते आणि तंबाखू-सुपारीतली रसायनं त्या नकलेत चुका वाढवतात. बहुतेक चुका पेशी दुरुस्त करते. टीपी-५३ नावाचं एक जनुक बिघडलेल्या पेशीला विभागू देत नाही, गरज पडली तर मरायला लावतं. ज्या दिवशी या जनुकातच बिघाड होतो, त्या दिवसापासून चुका साठत जातात. हे एका रात्रीत होत नाही, बहुतेकदा कित्येक वर्षं लागतात. मधल्या काळात पांढरा चट्टा, लाल चट्टा, न भरणारा व्रण अशा खुणा उमटतात. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. तीन आठवड्यांत न भरलेला कोणताही व्रण, दुखत असो वा नसो, डॉक्टरला दाखवायचा. न दुखणाऱ्याला तर आधी दाखवायचा, कारण त्याच्याकडेच दुर्लक्ष होतं.

या आजाराचा अभ्यास आपल्याच राज्यात फार आधी सुरू झाला. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग इतका का, या प्रश्नाचा माग तेव्हापासून शास्त्रीय पद्धतीने घेतला गेला. १९५२ साली त्यांच्याच पुढाकाराने परळला कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं. पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून परतल्या आणि त्यांनी मुंबईत ऊतींची वाढ प्रयोगशाळेत करण्याचं तंत्र रुजवलं. स्तनाच्या कर्करोगावर, संप्रेरकं आणि विषाणूंच्या संबंधावर त्यांनी उंदरांवर काम केलं. खानोलकरांची संस्था पुढे खारघरला गेली. आज तिला आपण अॅक्ट्रेक म्हणतो. २०१३ साली भारतीय शास्त्रज्ञांच्या एका गटाने गाल आणि हिरडी यांच्या कर्करोगातल्या जनुकीय बदलांचा नकाशा प्रसिद्ध केला, त्यात अॅक्ट्रेकचे संशोधक होते. जिथे पुडी दाबून ठेवली जाते नेमकी तीच जागा त्यांनी अभ्यासासाठी निवडली, कारण परदेशातल्या अभ्यासात तिच्याकडे फारसं कोणी पाहत नव्हतं.

इतकं ज्ञान आपल्या रेल्वेमार्गावर, जळगावहून सुमारे ४२० किलोमीटरवर आहे. तरी ते वेळेत उपयोगी पडत नाही. मधे आडवं येतं ते एकाच गोष्टीचं भय: बायोप्सी.

‘चाकू लावला की पसरतं.’ हे वाक्य पिंप्राळ्यापासून शिरपूरपर्यंत प्रत्येक ओट्यावर ऐकू येतं. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. त्याने आप्तांपैकी कोणाला तरी ऑपरेशननंतर जाताना पाहिलेलं असतं. पण तो माणूस गेला तो आजार आधीच पसरलेला होता म्हणून, तपासणीमुळे नव्हे. तोंडातल्या व्रणाचा लहानसा तुकडा घेणं किंवा स्तनातल्या गाठीत जाड सुई घालून नमुना घेणं ही जगभरची नेहमीची पद्धत आहे. त्यामुळे होणाऱ्या नुकसानीपेक्षा ती टाळल्याने होणारं नुकसान कितीतरी मोठं. एक अपवाद लक्षात ठेवा: हाडातल्या गाठीला सुई कुठून घालायची हे पुढे तिची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरनेच ठरवावं, कारण सुईची वाटही नंतर काढावी लागते.

खरा धोका आहे तो उलट प्रकारात. गाठ दिसली, जवळच्या दवाखान्यात ‘काढून टाकली’, आणि फेकून दिली. आता ती कसली होती, कडा मोकळ्या होत्या की आजार आत राहिला, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून शरीरातून काढलेली कुठलीही गाठ, कितीही साधी वाटली तरी, विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलीच पाहिजे. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना शांतपणे विचारा, ‘डॉक्टरसाहेब, नमुना कोणत्या लॅबला पाठवणार?’ नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा असतो. साध्या पाण्यात किंवा सलाइनच्या बाटलीत तासन्‌तास ठेवला तर पेशी खराब होतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

लॅबमध्ये त्या तुकड्यावर प्रक्रिया करून तो मेणात बसवतात. त्या छोट्या चौकोनाला ‘ब्लॉक’ म्हणतात. त्याच्यावरून पातळ काप काढून काचेवर लावतात, त्या ‘स्लाइड’. रिपोर्टचा कागद सगळे जपतात, ब्लॉक कोणी मागत नाही. माझं ठाम मत आहे की या सगळ्या प्रवासात ब्लॉक ही सर्वांत मौल्यवान वस्तू आहे. शेताच्या व्यवहारात सातबारा नसेल तर पुढचा कागद हलत नाही, तसं इथे ब्लॉकशिवाय काही हलत नाही. परळला गेलात तर तिथले तज्ज्ञ बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक स्वतः पुन्हा तपासतात. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकांचे ग्राहक आहेत का, हर-२ हे प्रथिन आहे का, हे त्याच्यावरूनच कळतं. फुप्फुसाच्या कर्करोगात जनुकीय बदल त्याच्यातूनच शोधतात. दोन वर्षांनी नवीन औषध आलं तरी ते तुम्हाला चालेल का, हे त्याच मेणातल्या तुकड्याला विचारता येतं. तेव्हा लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड सही करून मागून घ्या, नाव आणि क्रमांक जुळतात का ते पाहा. आणि खानदेशातला उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवलेलं मेण मऊ पडू शकतं. पाकीट कापडी पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवा.

मानेत गाठ आली की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा असतो, आणि तो बरेचदा खराही ठरतो. पण तपासणी न करता क्षयाची औषधं सुरू करू नका. फुप्फुसातला डागही नमुना न घेता क्षय समजून सहा महिने उपचार होतात आणि मौल्यवान वेळ जातो. तसंच, सूज उतरावी म्हणून दिलेली स्टिरॉइड बायोप्सीच्या आधी घेतली तर लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचं निदान पुसट होऊ शकतं. आधी नमुना, मग औषध. जीव धोक्यात असेल तेव्हाचा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा.

आता जनुकीय चाचण्यांविषयी, कारण अलीकडे घरोघरी त्यांची माहितीपत्रकं येतात. कोणती चाचणी कोणत्या आजारात उपचार बदलते, एवढाच प्रश्न विचारा. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत ईजीएफआर, एएलके यांसारखे बदल सापडले तर थेट त्या बदलावर काम करणारी गोळी मिळते, तिथे चाचणी हवीच. रक्ताच्या कर्करोगाच्या सीएमएल या प्रकारात दोन गुणसूत्रांचे तुकडे जोडले जाऊन एक विकृत प्रथिन तयार होतं. त्यावर बसणारी इमॅटिनिब ही गोळी आली आणि जीव घेणारा आजार रोजच्या गोळीवर सांभाळता येऊ लागला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचं पेटंट नाकारलं, म्हणून भारतात बनलेली स्वस्त गोळी मिळत राहिली. आई, मावशी, बहीण अशा जवळच्या नात्यात स्तन किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल तर बीआरसीए जनुकांची चाचणी समुपदेशनासह करावी. उलट तोंडाच्या कर्करोगात सुरुवातीलाच महागडं जनुकीय पॅनल करून पहिला उपचार बहुधा बदलत नाही. तिथे चांगली शस्त्रक्रिया लागते, तीही लवकर. पैसे त्यासाठी राखा.

पेट-सीटी तपासणीमागे शंभर वर्षांपूर्वीचं एक निरीक्षण आहे. ऑटो वारबुर्ग यांच्या लक्षात आलं की कर्करोगाच्या पेशी साखर भरमसाट वापरतात. तीच साखर किंचित किरणोत्सारी करून टोचली की गाठी चमकतात. पण क्षयाच्या गाठीही चमकतात, सूजही चमकते. म्हणून चमकलेली प्रत्येक जागा कर्करोग समजून घाबरू नका. मधुमेह असेल तर आधी सांगा, साखर वाढलेली असताना तपासणी फसते. यावरूनच ‘गूळ-साखर बंद केली की गाठ उपाशी मरते’ असा समज पसरला आहे. रक्तातली साखर शरीर स्वतः राखतं. गाठ उपाशी राहत नाही, रुग्ण खंगतो. उपचार चालू असताना दूध, अंडी, डाळ, कळण्याची भाकरी, जे जाईल ते पोटात जाऊ द्या.

निरोगी माणसाने ‘एका रक्ताच्या थेंबातून सगळे कर्करोग’ अशी तपासणी करावी का? गाठीतून रक्तात उतरलेले डीएनएचे तुकडे पकडण्याचं तंत्र खरं आहे. निदान झालेल्या फुप्फुसाच्या रुग्णात नमुना पुरेसा नसेल तर ते उपयोगी पडतं. पण निरोगी लोकांत अशा चाचणीने मृत्यू कमी होतात हे अजून सिद्ध झालेलं नाही. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये घातलेल्या सीए-१२५, सीईए यांसारख्या चाचण्यांचंही तेच. त्या आजार झालेल्यांचा मागोवा घ्यायला आहेत. साध्या कारणानेही आकडा वाढतो आणि घरदार रात्रभर जागं राहतं. स्तनासाठी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची शिबिरं होतात, ती मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाहीत. मॅमोग्राफीत मात्र संगणकाची मदत खरोखर उपयोगी ठरते आहे. स्वीडनमध्ये ८० हजार स्त्रियांच्या अभ्यासात, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने वाचलेल्या चित्रांत सुमारे २० टक्के जास्त कर्करोग सापडले आणि वाचणाऱ्या डॉक्टरांचा भार ४४ टक्के कमी झाला. जिथे रेडिओलॉजिस्ट कमी आहेत अशा जिल्ह्यांना याचा लाभ व्हायला हवा.

बायांनो, हा भाग तुमच्यासाठी, आणि घरातल्या पुरुषांनी तो वाचून दाखवावा. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा टाळता येणारा कर्करोग आहे. त्यामागे एचपीव्ही हा विषाणू असतो. हेराल्ड त्सुर हाउझेन यांना त्या शोधासाठी २००८ चं नोबेल मिळालं. विषाणू बहुतेक बायकांच्या शरीरातून आपोआप जातो. ज्यांच्यात तो वर्षानुवर्षं टिकतो, त्यांच्या पेशींत तो टीपी-५३ सारख्या जनुकांपासून बनणाऱ्या, रखवाली करणाऱ्या प्रथिनांना निकामी करतो. लागण झाली म्हणजे चारित्र्यावर डाग, असं मुळीच नाही. लग्न झालेल्या कुठल्याही बाईला ती होऊ शकते.

आणि तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू टाळता येतात, याचा जगाला मान्य झालेला पुरावा आपल्या मराठवाड्यातून गेला. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसोबत तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष आले: आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. ज्या गटाला तपासणी मिळाली नव्हती, त्यातल्या बायकांच्या मृत्यूंवरून पुढे तीव्र नैतिक वाद झाला. तो वाद योग्यच होता. त्या बायकांचं ऋण आपल्यावर आहे, आणि ते फेडायचं तर मिळणारी तपासणी नाकारू नये.

तीस वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत ठरलेली आहे. आशाताई फॉर्म भरायला येतात तेव्हा ‘मला काही नाही’ म्हणून परत पाठवू नका. गर्भाशयमुखावर सौम्य आम्ल लावून पाहण्याची साधी पद्धतही कामाची आहे. मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख स्त्रियांवरच्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ही तपासणी केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासात हातांनी केलेल्या स्तनतपासणीचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी. तपासणाऱ्या साध्या शिकलेल्या, नीट प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया होत्या. आता एचपीव्हीची चाचणी गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावरही करता येते, ज्या यंत्रावर क्षयाची तपासणी होते. जिल्हा रुग्णालयात ती कधी सुरू होते याचा पाठपुरावा महिला मंडळांनी करावा. मुलींसाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस २०२२ साली मंजूर झाली. ९ ते १४ हे वय तिच्यासाठी सर्वांत चांगलं. शासकीय लसीकरणात कोणत्या वयाला मिळते ते उपकेंद्रात विचारा. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकत नाही.

उपचारांत नवं ते सगळं महाग, असा ग्रह करून घेऊ नका. परळहून निघालेल्या तीन गोष्टी सांगतो, कारण त्यांनी जगभरच्या डॉक्टरांना विचार करायला लावलं.

तोंडाचा कर्करोग लवकरच्या टप्प्यात असताना डॉक्टर मानेच्या ग्रंथीही काढायचं म्हणतात. घरचे अडतात: गाठ जिभेला, मग मान कशाला कापता? डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न मोठ्या चाचणीत तपासला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेच्या ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते; आधी थांबून नंतर काढलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के. दिसत नसलेल्या पेशी आधीच मानेत पोचलेल्या असू शकतात, हे त्यामागचं कारण. तेव्हा संमती देताना मानेचं ऑपरेशन वगळायला सांगू नका.

दुसरी गोष्ट स्तनाच्या कर्करोगाची. गाठीला हात लावताना काही पेशी सुटून रक्तात जात असतील का, या शंकेवर डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली १६०० स्त्रियांवर चाचणी झाली. कापण्याआधी काही मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे बधिर करण्याचं नेहमीचं इंजेक्शन, टोचलं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. औषधाचा खर्च शंभर रुपयांच्या आत. ऑपरेशन ठरलं असेल तर आपल्या शल्यचिकित्सकांना याविषयी जरूर विचारा. प्रत्येक रुग्णात चालेलच असं नाही, पण प्रश्न विचारण्याचा हक्क तुमचा आहे.

तिसरी गोष्ट तोंड-घशाचा आजार उलटल्यावरची. आजाराशी लढणाऱ्या शरीरातल्या टी-पेशींना कर्करोग जे थांबण्याचे संकेत देतो ते रोखणारी औषधं, म्हणजे इम्युनोथेरपी, आली. त्यामागच्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं. पण त्यांचा पूर्ण डोस आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना परवडतो. टाटा रुग्णालयाच्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश यांच्या गटाने निवोलुमॅब या औषधाचा नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी, फक्त २० मिलिग्रॅम डोस, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दिला. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्के झालं. ‘इम्युनोथेरपी घ्यायची तर घर विका’ असं कोणी म्हणालं तर कमी डोसचा पर्याय आपल्याला लागू आहे का हे विचारा. आणि इम्युनोथेरपीच्या नावाखाली ‘रक्त काढून पेशी वाढवून देतो’ असं सांगून लाखो रुपये मागणाऱ्यांपासून सावध राहा. चाचणीतलं औषध असेल तर ती चाचणी नोंदणीकृत असते, संमतीपत्र मराठीत मिळतं आणि त्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत.

पेशी वाढवून देण्याचा खरा उपचार आहे, त्याला कार-टी म्हणतात. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलसोबत तो देशात तयार केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखणारं जनुक देतात आणि परत सोडतात. परदेशात कोट्यवधींना मिळणारा उपचार इथे सुमारे ४० लाखांच्या घरात आला, तरी तो अजून सामान्यांच्या आवाक्याबाहेर आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. तो आहे बी-पेशींच्या काही रक्त आणि लसिकाग्रंथी कर्करोगांसाठी, तेही आधीचे उपचार अपुरे पडल्यावर. तोंड, स्तन, पोट यांच्या गाठींवर तो चालत नाही. खारघरला २०२३ पासून प्रोटॉन किरणांचा उपचार मिळतो. लहान मुलांच्या आणि नाजूक जागेच्या काही गाठींत त्याचा फायदा आहे. बाकी बहुतेकांना साध्या लिनॅक यंत्रावरचे किरण पुरतात.

आता वाट. निदान जळगावच्या किंवा धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होऊ शकतं. जवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय छत्रपती संभाजीनगरला आहे. प्रत्येकाने परळच गाठायला हवं असं नाही. दुर्मिळ आजार, अवघड ऑपरेशन किंवा दुसरं मत हवं असेल तेव्हा परळ. पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात, मात्र रुग्णालय योजनेत असावं लागतं आणि प्रत्येक नवं औषध त्यात नसतं. टोल-फ्री क्रमांक १५५३८८. रेल्वेत कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबत्यालाही मोठी सवलत. ठरलेल्या नमुन्यातला रुग्णालयाचा दाखला लागतो. एसटीतही सवलत आहे. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा परळच्या रुग्णांना आधार देते. जागा मिळेलच असं धरून जाऊ नका, आधी चौकशी करा.

किरणांचा उपचार कुठे घ्यायचा हे ठरवताना यंत्राच्या नावापेक्षा राहण्याची सोय पाहा. तोंडाच्या कर्करोगात तो सहा-सात आठवडे, आठवड्याचे पाच दिवस चालतो. मधे पेरणी आली, घरात लग्न निघालं, कापूस वेचायला माणूस नाही, म्हणून रुग्ण गावी येतात आणि आठ-दहा दिवस जातात. या खंडात उरलेल्या कर्कपेशी नेहमीपेक्षा वेगाने वाढतात, आणि आधीच्या किरणांचं काम उलटतं. लग्नाची तारीख पुढे ढकला. किडलेले दात किरणांच्या आधी काढून घ्या, नंतर काढले तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. गिळता येत नसेल तर नाकातून नळी घालायला घाबरू नका. ती काही आठवड्यांपुरती असते. वेदना सहन करण्यात शौर्य नाही. मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्या तर व्यसन लागण्याची भीती बाळगू नये. रुग्णाला झोप लागली की जेवण जातं, जेवण गेलं की उपचार पेलतो.

बरं झाल्यावरही पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी दाखवत राहायचं, कारण आजार उलटायचा तर बहुतेकदा याच काळात उलटतो. तंबाखू-सुपारीने फक्त एक जागा बिघडलेली नसते. तोंडाचं सगळं अस्तर तेच सोसत आलेलं असतं, म्हणून दुसऱ्या गालावर नवी गाठ येऊ शकते. ऑपरेशननंतर ‘आता काय राहिलंय’ म्हणून पुन्हा पुडी धरणाऱ्यांना घरच्यांनी रागावण्याऐवजी फोन लावून द्यावा. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची मोफत मदतवाहिनी १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.